वरच्या गटातला खोडवा

लीगच्या खालच्या गटातून वर चढलेला फुटबॉल क्लब दुसऱ्या वर्षी टिकतो का, हा प्रश्न आमच्या इंदापूर भागात अंथुर्ण्यापासून लासुर्ण्यापर्यंत प्रत्येक टपरीवर चघळला गेला आणि प्रत्येक टपरीवर त्याचं उत्तर चुकलं. मी साफ सांगतो. पहिलं वर्ष सोपं असतं, कारण तुम्हाला कुणी ओळखत नाही. पुण्याचे क्लब पहिल्यांदा आमच्याकडं खेळायला आले तेव्हा गाडीतून हसत उतरले. मैदानाच्या एका अंगाला कालवा, दुसऱ्या अंगाला ऊस, मधे काळ्या रानावर चुन्याच्या रेघा. एकानं तर तिथल्या ढेकळाचा फोटो काढला. दीड तासानं गाडीत बसताना तो त्याच ढेकळाला शिव्या घालत होता. दुसऱ्या वर्षी तीच माणसं हसत आली नाहीत. ती आमचा अभ्यास करून आली.

तरीही आम्हाला त्यांनी खाली ढकललं, असं मी म्हणणार नाही. एक कागद आहे. त्याच्यावरचं अक्षर माझं आहे.

आमच्या संघाचा कप्तान म्हणजे मधला ब्याक. वय झालेला. म्हणजे फुटबॉलच्या हिशोबात झालेला. रानात त्या वयाच्या माणसाला अजून पोरगा म्हणतात. त्याचे आजोबा मेंढरं घेऊन मुलखभर फिरायचे. बापानं कळप विकला आणि एका जागी शेती धरली. हा सकाळी टेम्पो घेऊन कळसच्या बाजूनं दुधाचे कॅन गोळा करायचा. भरलेला कॅन एका हिसक्यात खांद्यावर घेणाऱ्या माणसानं बाजूच्या रेघेवरून डोक्यावरून चेंडू फेकला की तो थेट गोलच्या तोंडाशी पडायचा. पहिल्या वर्षीचे आमचे निम्मे गोल त्या थ्रोवर झाले. आणि समोरच्यांचा कॉर्नर आला की हा जवळच्या खांबाला पाठ लावून उभा राहायचा आणि जे येईल ते डोक्यानं परत पाठवायचा. बस. एवढंच आमचं शास्त्र. तेवढ्यावर आम्ही वरच्या गटात एक वर्ष काढलं.

मग सत्कार सुरू झाले.

आमच्या भागात कुणी काही केलं की त्याला फेटा बांधतात. दहावी पास झालं तरी फेटा, पोलिसात लागलं तरी फेटा. इथं तर गावाचा संघ पुण्याच्या क्लबांच्या पंक्तीत राहिला होता. उन्हाळाभर या गावातून त्या गावात शाल, नारळ, फेटा. फ्लेक्सवर वर पुढाऱ्यांची तोंडं, खाली अकरा पोरांचे फोटो, आधारकार्डावरच्याएवढे. पाहुणे संध्याकाळी पाचला येणार असत आणि सातला येत. पाच ते सात ही आमची सरावाची वेळ. पोरं फेटे बांधून प्लास्टिकच्या खुर्च्यांवर घामेजत बसलेली असत आणि मैदानावर गुरं चरत.

कप्तान एकटाच कुरकुरला. क्लबाचे अध्यक्ष म्हणजे आमचे तात्या. उसातलं मोठं प्रस्थ. चेंडूला हात लावला की फाऊल का देतात हे त्यांना अजून पटलेलं नाही. कप्तान त्यांना म्हणाला, "तात्या, फेट्यात पळता येत न्हाय."

तात्या म्हणाले, "आरं, वरीसभर पळलासा की. बसा जरा. लागण झाली आपली. आता खोडवा हाय. पाणी सोडलं की येतोय."

सगळी समिती हसली. समितीत सगळे उसवाले. ज्यांना ऊस ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पहिल्या वर्षी बेणं लावून ऊस आणतात, ती लागण. तो तुटून गेला की जमिनीत राहिलेल्या बुंध्यातून दुसऱ्या वर्षी आपोआप फुटतो, तो खोडवा. नांगरट नाही, बेणं नाही. फुकटात आलेल्या गोष्टीकडं माणूस जसं बघतो तसंच आमचा शेतकरी खोडव्याकडं बघतो, आणि उतारा निम्म्यावर आला की कपाळ बडवतो. तीच माणसं आता एक फुटबॉल क्लब चालवत होती.

दुसरं वर्ष सुरू झालं आणि पहिल्याच सामन्यात आमची अब्रू गेली. पुण्याच्या एका बारक्या, चपळ पोरानं कप्तानाला उजवीकडून काढलं, मग डावीकडून काढलं, आणि तिसऱ्यांदा कप्तान वळता वळता तोंडावर पडला. थ्रोवर आता दोन-दोन माणसं उभी होती. त्यांनी आमचे सामने मोबाईलवर काढून नेले होते. पण गावानं ते बघितलं नाही. गावानं पडलेला कप्तान बघितला. त्याचा व्हिडिओ, खाली ढोलकी लावून, गावच्या ग्रुपवर दिवसभर फिरला. पुढच्या सामन्याला लोक काठावरून ओरडायला लागले.

"ओ आजोबा, काठी इसरली का घरी?"

"टेम्पो रिव्हर्स घ्या, टेम्पो!"

टेम्पोचं वाक्य माझं होतं. ते चाललं म्हणून मी पुढच्या सामन्याला परत म्हटलं.

मी लिहायला शिकलो ते कालव्याच्या टेलच्या पाण्यासाठी झालेल्या आंदोलनात. पाणी वरच्यावर मुरायचं आणि शेवटच्या गावांना चारीचा कोरडा पाट बघत बसावं लागायचं. त्या आंदोलनात पत्रक लिहायचा नियम होता: एक शत्रू, एक मागणी, आणि वाचणारा एसटीत चढायच्या आत संपलं पाहिजे. पाणी कुठं जातं याची खरी उत्तरं दहा असतात. दहा उत्तरांचं पत्रक कुणी वाचत नाही. मला त्या कामाचा अभिमान होता, अजून आहे. पण माणूस शिकलेलं अवजार कुठंही चालवतो.

क्लबाच्या पडझडीचीही खरी कारणं बरीच होती. सगळ्यात पळणारं पोरगं भरतीला गेलं होतं. उन्हाळ्याचा सराव सत्कारांनी खाल्ला होता. समोरच्यांना आमचा एकुलता एक डाव कळला होता. यातलं काहीच पत्रकात मावत नव्हतं. म्हातारा ब्याक मावत होता.

मी लिहिलं: "खोडवा राखायचा असेल तर बुडखे छाटा!" खाली बारीक अक्षरात: ऊस तुटल्यावर वर राहिलेले बुडखे जमिनीलगत छाटले नाहीत तर फूट वरच्यावर येते आणि पहिल्या वाऱ्यात लोळते. आपल्या संघातही एक बुडखा उभा आहे. गुडघ्यातलं वंगण संपलेला बुडखा. त्याला आता दुधाचे कॅन उचलू द्या, गावाची इज्जत उचलणं त्याच्यानं होणार नाही.

नाव लिहिलं नव्हतं. गरजच नव्हती. दूध संकलनाच्या दारात, सलूनमध्ये, एसटीच्या थांब्यावर, सगळीकडं लावलं. उरलेला गठ्ठा भेळवाल्यानं मागून नेला. पुढं किती तरी दिवस गाव त्या कागदात भेळ खात होतं. कप्तानाच्या घरीही एकदा ती भेळ गेली, हे मला नंतर कळलं.

समितीच्या बैठकीत तात्यांनी पत्रक मोठ्यानं वाचलं आणि मांडीवर थाप मारली. "आत्ता कसं डोक्यात शिरलं! ह्ये ब्याक आन् फारवर्ड मला कळत न्हाय. पण बुडखा छाटाया लागतोय, ह्ये बराबर हाय."

दुसरे एक जण म्हणाले, "आन् नांग्या भरा. पुण्यासनं दोन रोपं आणा."

नांगी म्हणजे उसाच्या सरीत न उगवलेली रिकामी जागा. ठराव झाला: कप्तानाला बाहेर बसवायचं, पुण्याहून दोन पोरं आणायची. इतकी वर्षं मी बघतो आहे, या माणसांना फुटबॉलचं कारण सांगून कधी काही पटलं नाही. उसाचं सांगितलं आणि एका चहात पटलं. त्या बैठकीला कप्तानाला बोलावलेलं नव्हतं.

क्लबाचे कागद मीच भरायचो, म्हणून लीगचा हा नियम फक्त मला ठाऊक होता: यादी भरलेली असेल तर नवा माणूस घालायला जुना कमी करावा लागतो, आणि कमी होणाऱ्या खेळाडूची सही लागते. एक जागा भरतीला गेलेल्या पोराची होती. त्यानं सही आनंदानं दिली. दुसरी कप्तानाची. फॉर्म घेऊन मी त्याच्या घरापर्यंत गेलो. दारात टेम्पो उभा होता आणि तो खाली बसून चाक धूत होता. मी गाडी न थांबवता पुढं गेलो. चौकात, सलूनच्या बाकड्यावर बसून, "खेळणे स्वेच्छेने थांबवत आहे" असं लिहिलं आणि त्याची सही मी केली. दोन वर्षं यादीवर तीच सही बघत होतो. पहिलं अक्षर मोठं, पुढं नुसती आडवी रेघ. अवघड नव्हती.

मला तेव्हा वाईट वाटलं का? नाही. वेळ वाचला असं वाटलं.

पुण्याहून दोन रोपं आली. पहिला मैदानावर उभा राहून विचारत होता, "ग्राउंड कुठंय?" तात्या म्हणाले, "पायाखाली बघ की राजा." दुसरा चांगला खेळायचा, पण ढेकळावर पाय मुरगळला आणि तो पाय घेऊन गेला तो परत आलाच नाही. पहिल्यानं थोडे सामने काढले आणि मग फोन उचलणं बंद केलं. मधल्या ब्याकाच्या जागी आम्ही गावातलंच एक कोवळं पोरगं उभं केलं. पळायला वारा. पण कॉर्नर आला की चेंडूकडं बघावं, माणसाकडं बघावं की खांबाकडं, हे त्याला कळायचं नाही. जवळचा खांब मोकळा राहायचा. सगळ्यांना ते कळलं आणि सगळ्यांनी तिथंच मारलं.

तरीही शेवटच्या सामन्यापर्यंत जीव शिल्लक होता. सामना बारामतीत, आमच्यासारखाच बुडत आलेला संघ समोर. बरोबरी झाली तरी आम्ही राहणार होतो. नुसती बरोबरी. कुणालाही गोल मारायचा नव्हता, फक्त खायचा नव्हता.

तात्यांनी मला बोलावलं. "जा, त्याला घिऊन ये."

"कुणाला?"

"तुझ्या बुडख्याला."

मी गेलो. नाव परत घालण्याचा फॉर्म बरोबर घेतला होता. इथं आमचं अडाणीपण सांगायला हवं. इंदापूर-बारामतीकडच्या गावोगावच्या स्पर्धांत नावं मैदानावर, टेबलावर, नाणेफेकीच्या आधी लिहितात. ऐनवेळी पाहुणा आला तरी त्याला बूट देऊन उभा करतात. मला वाटलं, लीगमध्येही तसंच असणार. पहिल्या वर्षी कधी वेळच आली नव्हती. नियमाचं पुस्तक क्लबाकडं होतं. ते तात्यांच्या टीव्हीखाली होतं, टीव्ही डगमगू नये म्हणून.

कप्तानाची आई ओट्यावर शेंगा फोडत होती. तिनं मला ओळखलं आणि हात थांबवला नाही.

"या, पत्रकवालं. आज काय छापून आणलंय?"

"काकी, दादा हाय का?"

"कोण दादा? हितं तर एक बुडखा ऱ्हातोय. त्यो गोठ्यात हाय."

तो बाहेर आला. मी उभ्याउभ्याच सांगितलं की रविवारी बारामतीला ये, गावाची इज्जत आहे. त्यानं हात पुसले.

"इज्जत उचलाया माझ्यानं हुनार न्हाय, आसं वाचलं हुतं."

मी हातातल्या फॉर्मची घडी केली.

"एक इचारू?" तो म्हणाला. "तू कधी खोडवा राखलायस?"

"आमचा ऊस हाय की."

"बापानं राखला आसंल. तू न्हाय. बुडखा छाटत्यात त्यो मातीच्या वरचा. मुळी तशीच ठिवत्यात, म्हणून फुटतोय. तू मुळीसकट उपटलंस आन् वर पाणी सोडत बसलास."

आई ओट्यावरून ओरडली, "जाऊ नकोस. त्यांच्या फेट्याला आग लाव."

तो म्हणाला, "पोरं काय म्हंत्यात?"

"पोरं वाट बघत्यात," मी म्हटलं. हे एवढं खरं होतं.

रविवारी तो आला. स्वतःच्या टेम्पोत अर्ध्या संघाला घालून आला. पोरांच्या अंगाला दुधाचा वास येत होता आणि कित्येक दिवसांनी ती एकमेकांच्या खोड्या काढत होती. त्यानं कोवळ्या ब्याकाला शेजारी बसवून वाटभर काहीतरी समजावलं होतं. मैदानावर उतरून त्यानं बूट घातले, दोनदा गाठ मारली, आणि आम्ही टेबलाशी गेलो.

टेबलावरचा अधिकारी सभ्य माणूस होता. त्यानं यादी बघितली. "यांचं नाव नाही."

मी फॉर्म पुढं केला. तो म्हणाला, "नावं घालायची मुदत केव्हाच संपली. आणि यांनी तर स्वतःच खेळणं थांबवलंय. हा बघा अर्ज." त्यानं फायलीतून कागद काढून कप्तानासमोर ठेवला.

कप्तानानं तो वाचला. सावकाश वाचला. मग सहीवर बोट ठेवलं. मग माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार, कारण त्यानं मला काही विचारलं नाही.

अधिकाऱ्याला शंका आली. "ही सही तुमचीच ना? नसेल तर आत्ता लेखी द्या. खोटी सही निघाली तर सामना होणार नाही, क्लब बाद होईल. पण खरं काय ते सांगा."

मागं पोरं रांगेत उभी होती. कोवळा ब्याक बुटाच्या टाचेनं जमीन उकरत होता.

कप्तान म्हणाला, "माझीच हाय."

त्यानं बूट काढले, हातात घेतले आणि अनवाणीच तारेच्या कुंपणाबाहेर जाऊन आमच्या गोलमागं उभा राहिला.

सामना कसा झाला ते सांगण्यासारखं नाही. दोन्ही संघ घाबरलेले. चेंडू मधेच लोळत होता. गोलमागून कप्तान सारखा ओरडत होता, "आत हो! मानसाला धर! खांब, खांब!" बारामतीची पोरं कुंपणाला लोंबकळून त्याची मजा घेत होती. "काका, यवढं कळतंय तर आत या की!" "काका, बूट भाड्यानं हायती का?" तो त्यांच्याकडं बघतसुद्धा नव्हता.

शिट्टीला थोडा वेळ राहिला असताना त्यांना कॉर्नर मिळाला. तो तारेला तोंड लावून ओरडला, "जवळचा खांब! जवळचा खांब!" कोवळ्या ब्याकानं त्याचं ऐकायला मान मागं वळवली. तेवढ्यात चेंडू आला, जवळच्याच खांबाला, आणि कुणाच्या तरी गुडघ्याला लागून आत गेला.

एवढ्यावर आम्ही खाली आलो.

गावात पोचेपर्यंत गोष्ट तयार झाली होती. स्वतः सही करून सोडलं, गावाला कळू दिलं नाही, वर बूट घालून मिरवायला आला. आणि मागनं वरडून पोराचं ध्यान मोडलं. दोन्ही गुन्हे त्याचेच. समितीची बैठक झाली. तात्या चिडलेले होते. "मला सांगायचं तर हुतं की मी सोडतोय! चोरून सही करतोय व्हय?"

बैठकीचा वृत्तांत मी लिहीत होतो. क्लबात लिहायचं काम माझंच. मला एक वाक्य बोलायचं होतं. मी ज्या माणसांविरुद्ध इतकी पत्रकं लिहिली, ती पाणी खाणारी, कागद दाबून ठेवणारी, "मला काय माहीत" म्हणणारी, त्या सगळ्यांची तोंडं माझ्या तोंडावर बसली होती. मी लिहिलं: "माजी कप्तानांनी अचानक खेळणे थांबवल्यामुळे संघाचे नुकसान झाले." तात्यांनी सही केली. ती मात्र खरी होती.

आता गावात त्याला 'राजीनामे' म्हणतात. सकाळी टेम्पो चौकातून निघाला की टपरीवरून कुणीतरी हाक मारतं, "ओ राजीनामे, दूध तरी पोचवतासा का मधीच सोडतासा?" टपरी हसते. तो हात वर करतो आणि जातो. आई मला बघून पाठ फिरवते. सहीचं तिला तो बोलला आहे की नाही, मला कळत नाही.

तर, वर चढलेले क्लब दुसऱ्या वर्षी टिकतात का? टिकत असतील. खोडवासुद्धा लागणीच्या बरोबरीनं येतो, पण तो आणणारा माणूस खाली वाकून मुळीशी काम करतो. आम्ही वरच्यावर बोलत बसलो. आणि त्या बोलण्याला अक्षर माझं होतं.

खालच्या गटाची यादी द्यायची आहे. पोरांनी सांगितलं, कप्तान असेल तर खेळू. तात्यांनाही दुसरा उपाय उरला नाही. मी कोरा फॉर्म घेऊन सकाळी दूध संकलनाच्या दारात गेलो. जिथं मी पत्रक चिकटवलं होतं, तिथं भिंतीवर डिंकाचा चौकोन अजून दिसतो. तो कॅन चढवत होता. मी फॉर्म पुढं केला, पेन पुढं केलं.

"दादा, हितं सही लागंल."

त्यानं फॉर्म बघितला. कॅन खांद्यावर तसाच.

"तूच कर की," तो म्हणाला. "तुला येती."

कॅन चढवला, फळी लावली, टेम्पो गेला. मी तिथंच उभा होतो. फॉर्म अजून माझ्याकडं आहे. इतर पोरांच्या सह्या झाल्या आहेत. पहिली ओळ कोरी आहे, आणि तात्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. हा मजकूर त्याच भिंतीवर, त्याच चौकोनात लावणार आहे. एसटीत चढायच्या आत वाचून होणार नाही, एवढा लांबलाय.